बारा आकडे उजवीकडे

२ फेब्रुवारी, सोमवार

दादाने आज पुन्हा कानांवर हात ठेवले. शुक्रवारी त्यानेच सांगितलं होतं, गिटारच्या घड्याळाला काळे काटे लाव. मी लावले. आज ते घड्याळ हातात घेऊन म्हणतो, "काळे कुणी सांगितले? मी पितळी म्हणालो होतो." मी म्हटलं, तूच सांगितलंस. तर म्हणे, "मी असं म्हणालोच नव्हतो." वर वहिनीकडे बघून हसला. म्हणजे खोटारडा मी.

म्हणून ही वही. पार्सलांच्या नोंदींसाठी आणली होती, आता हिच्यात कोण कधी काय म्हणालं ते तारखेनिशी लिहिणार. पुढच्या भांडणात पान उघडून त्याच्या नाकासमोर धरायचं. छप्पन वर्षांचा झालो, अर्धे केस गेले, तरी ह्याच्या तोंडी मी अजून ठोंब्याच आहे.

आम्ही दोघे भाऊ वाद्यांच्या आकाराची घड्याळं बनवतो. भिंतीवर लावायची, शोभेची. व्हायोलिन, गिटार, ट्रम्पेट, ड्रम. दादा काढतो, मी कापतो. तो मोठ्या तपकिरी कागदावर वाद्य आणि डायल पूर्ण आकारात काढतो. तो कागद लाकडावर ठेवून मी रेघांवरून टाचणीने टोचत जातो, भोकांवरून करवत चालवतो, घासतो, रंगवतो, मशीन बसवतो, काटे लावतो आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. तीस वर्षं हीच वाटणी आहे. एकदा मीही एक चित्र काढून दाखवलं होतं, माउथ ऑर्गनचं. दादाने ते उजेडात धरलं आणि म्हणाला, "साबणाची वडी छान आलीये."

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोठी बातमी. नदीपलीकडे जे नवीन संगीत सभागृह बांधताहेत, तिथल्या व्यवस्थापक बाई आज कारखान्यात आल्या होत्या. त्यांना दर्शनी दालनासाठी सहा घड्याळं हवी आहेत. आमच्या नेहमीच्या नमुन्यांतली नकोत, सहाही एका कल्पनेतून निघालेली हवीत. उद्घाटन ११ एप्रिलला. आवडली तर त्यांच्या दुकानात कायम आमचा माल राहील.

हे काम मिळालंच पाहिजे. प्लॅस्टिकची घड्याळं आल्यापासून आमच्याकडे फार कुणी फिरकत नाही. ह्या वर्षी मोठं काम आलं नाही तर शटर ओढायचं, असं दादा स्वतःच म्हणाला होता. तारीख लिहून ठेवली नाही, तेव्हा उद्या तेही नाकारेल.

बाईंनी विचारलं, "कल्पना काय असेल साधारण?" दादाने डबा द्यायला आलेल्या वहिनीकडे बघितलं आणि वहिनी म्हणाली, "ते आधी मनात काढतात, मग कागदावर." वहिनी ह्याची वकील कधीपासून झाली कोण जाणे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज कारखाना उघडला तर सगळ्या ड्रॉवरांवर चिठ्ठ्या. काटे. खिळे. सेल. पेन्सिली. वहिनीचं अक्षर. हे ड्रॉवर दादाने स्वतःच्या हाताने केलेत, डोळे मिटूनही त्याला हवी ती वस्तू सापडेल. मागच्या मोरीच्या दारावरसुद्धा चिठ्ठी आहे. उद्या माझ्या कपाळावर "धाकटा भाऊ" अशी चिठ्ठी लागली नाही म्हणजे मिळवली.

शिवाय ती आता रोज त्याच्याबरोबर येते आणि विणकाम घेऊन दिवसभर खुर्चीत बसते. पूर्वी वर्षातून दोनदा यायची, तेही लाकडाचा भुसा नाकात जातो म्हणून रुमाल धरून. काम मोठं आलंय म्हटल्यावर लक्ष ठेवायला लागली असणार. विचारलं तर म्हणाली, "घरी एकटीला करमत नाही, भाऊजी."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बारा दिवस झाले, कागद कोरा. दादा टेबलाशी बसतो, पेन्सिलीला टोक काढतो, बसतो. आज त्याने सकाळपासून तीनदा विचारलं, "मशीनचं पार्सल आलं का रे?" तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आलं, गेलं, पुन्हा आलं, आता चहा पिऊन निघालंय." त्याने मान खाली घालून पेन्सिल उचलली. उलटून शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सरसाचा डबा दिवसभर सापडत नव्हता. शेवटी दुधाच्या शेजारी फ्रिजमध्ये निघाला. वहिनी म्हणाली, तिनेच ठेवला. सरस फ्रिजमध्ये! आणि ही आमच्या ड्रॉवरांना शिस्त लावणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज काहीतरी हाती लागलंय. वहिनी बाजारात गेली होती. दुपारी दादा म्हणाला, "घरी जाऊन येतो." घर कोपऱ्यावरून डावीकडे. हा वळला उजवीकडे. उजवीकडे पुढे त्या प्लॅस्टिकवाल्याचं दुकान आहे, जो आमची गिटार बघून साच्यातून शेकड्याने गिटारी काढतो. माझ्या मनात पाल चुकचुकली. शटर अर्धं ओढून मी मागोमाग निघालो.

दादा दुकानाच्या अलीकडे बसथांब्यावर थांबला. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. त्याने एका बाईला काहीतरी विचारलं, तिने हाताने मागचा रस्ता दाखवला, तरी तो तिथेच उभा. शेवटी मी समोर गेलो. मला बघून त्याचा चेहरा असा काही उजळला की मीच ओशाळलो. मग लगेच म्हणाला, "तू इथे काय करतोस? मी जरा हवा खातोय." आणि घरापर्यंत माझं कोपर धरून चालला. लहानपणी मी त्याचं धरायचो तसं.

पकडला गेला म्हणून लाडीगोडी. प्लॅस्टिकवाल्याची वाट बघत होता, हे शेंबडं पोरही सांगेल. सुचलेली कल्पना तिकडे विकणार आणि सभागृहाला कोरा कागद देणार. दादा असं करेल असं मला वाटत नाही. पण बसथांब्यावर काय काम होतं त्याचं?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मी त्याच्यावर संशय घेतला होता, ते शब्द परत घेतो. आज व्हायोलिन झालं.

बाहेरची रेघ बघून डोळे निवले. कमरेचा तो बाक, वरच्या टोकाची गोगलगायीसारखी गुंडाळी, सगळं एका दमात काढलेलं, हात कुठेही अडखळलेला नाही. पण डायल! बाराचा आकडा वर आहे आणि बाकीचे अकरा त्याच्या उजवीकडून खाली दाटीवाटीने उतरलेत. एकाला लागून दोन, दोनाला लागून तीन, पार तळापर्यंत. डावी बाजू पूर्ण मोकळी. आधी वाटलं, माझी चेष्टा करतोय. मग बघतच राहिलो. मैफल सुरू व्हायच्या आधी सगळे वादक एका बाजूला गोळा होतात आणि उरलेला मंच रिकामा असतो, तसं वाटलं. तीस वर्षांत दादाने असं काही केलं नव्हतं. खरं लिहायचं तर मला हेवा वाटला. मी शंभर वर्षं बसलो असतो तरी हे सुचलं नसतं.

म्हटलं, "दादा, भन्नाट झालंय."

त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं आहे का?" त्याने विचारलं. दादाने, मला!

वहिनीने कागद बघितला आणि डोकं दुखतंय म्हणून बाहेर जाऊन बसली. तिला अशा गोष्टींतलं फारसं कळत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना व्हायोलिनचा कागद दाखवला. माझी जीभ आज जोरात होती. वादक एका बाजूला जमल्याचं सांगितलं, मोकळी बाजू म्हणजे पहिल्या सुराआधीची शांतता असंही सांगितलं. बाई म्हणाल्या, "पण वेळ कशी कळणार?" मी म्हटलं, "वेळ सांगायला प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, बाई. तुमच्या दालनात माणसाने वेळ विसरावी." बाईंनी टाळीच वाजवली. सहाही अशीच हवीत म्हणाल्या.

"कसं सुचलं तुम्हाला?" त्यांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "हो." मी घाईने म्हटलं, "फार दिवस डोक्यात होतं त्याच्या." दादा पुन्हा म्हणाला, "हो." मोठे कलावंत कमीच बोलतात, असं बाई जाताना म्हणाल्या.

५ मार्च, गुरुवार

दादाने नाकी नऊ आणलेत. ड्रमच्या डायलवर दहा दोनदा आलाय आणि अकराला जागा उरलेली नाही. मला तर ते फारच आवडलं. पण हा सारखा खोडतोय. लिहितो, खोडतो, लिहितो, खोडतो. कागद फाटायची वेळ आली तेव्हा मी खोडरबर काढून घेतलं.

"चुकतंय रे," तो म्हणाला.

"चुकत नाहीये. हीच तर गंमत आहे. असंच हवंय त्यांना."

"चुकतंय. मला दिसतंय ना."

"दादा, तारीख बघ. अजून चार व्हायचीत."

त्याने टेबलावर हात आपटला. "मला माझं काम शिकवतोस?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, रागाने. थोड्या वेळाने वहिनीकडे हळूच दुसरं खोडरबर मागितलं. तिने पिशवीतून काढून दिलं. तेही मी घेतलं आणि दोन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली खिशात घातली. वहिनी माझ्याकडे अशी बघत होती जशी मी कुणाची भाकरी काढून घेतली. कुणीतरी वाईट व्हावं लागतं, त्याशिवाय काम पुढे सरकत नाही. संध्याकाळपर्यंत ड्रम झाला आणि ट्रम्पेटही झाला.

१२ मार्च, गुरुवार

सहाही कागद झाले! शेवटचा अ‍ॅकॉर्डियन आज दुपारी. मी मिठाई आणायला निघालो, तर वहिनीने दारात अडवलं.

"भाऊजी, आता पुरे करा. उद्या ह्यांना डॉक्टरांकडे न्यायचंय."

"का? साधा खोकला नाही त्याला."

"तुम्ही वही लिहिता ना, ह्यांच्या तक्रारींची? मला माहीत आहे. ती घेऊन तुम्हीही चला."

माझ्या ड्रॉवरला कुलूप असतं. म्हणजे मी लिहिताना ही बघत होती. संताप आला, पण तिचा आवाज असा होता की हो म्हणून टाकलं. मिठाई आणायची राहिली.

१३ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहितो. तसं लिहिलं नाही तर लिहून होणार नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दादाला आजची तारीख विचारली. दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तारखा ह्याच्याकडे असतात." आम्ही सगळे हसलो. महिना विचारला, तेव्हाही त्याने काहीतरी विनोद केला. मग डॉक्टरांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. म्हणाले, "ह्यावर एक घड्याळ काढा. आधी गोल, मग आकडे, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ह्याने आयुष्यभर दुसरं काही काढलेलं नाही." माझ्याखेरीज कुणी हसलं नाही. वहिनी खाली बघत होती.

दादाने गोल काढला. कंपासशिवाय, एका फिरकीत, इतका नेमका की डॉक्टरांनी मान पुढे करून बघितला. मग त्याने वर बारा लिहिला. मग एक. मग त्याला लागून दोन, तीन, चार. उजवीकडून खाली. अकरा अगदी तळाला आला. डावी बाजू कोरी. काटे काढायची वेळ आली तेव्हा तो थांबला. ओठ हलवत राहिला. शेवटी एक काटा दहाकडे आणि एक अकराकडे, शेजारी शेजारी. मग मला कुजबुजत विचारलं, "ठोंब्या, खोडरबर आहे का?"

मला काही ऐकू येईना. डॉक्टर काहीतरी विचारत होते. वहिनीने माझ्या दंडाला हात लावला तेव्हा समजलं. ते विचारत होते, असे आकडे कधीपासून काढताहेत?

"चोवीस फेब्रुवारी," मी म्हणालो. तारीख माझ्याकडे होती.

दादाला बाहेर बसवलं आणि त्यांनी मला वही वाचायला सांगितली. मी वाचली. काळे काटे, पार्सल, सरस, बसथांबा. बसथांब्याचं पान मी वहिनीकडे सरकवलं, तिने ते वाचून वही परत दिली. मी तक्रार म्हणून लिहिलेली एकेक ओळ डॉक्टर त्यांच्या कागदावर उतरवून घेत होते. पाच मार्चचं पान मी उलटून पुढे गेलो. मग मागे येऊन तेही वाचलं.

विस्मरणाचा हा आजार बरा होणारा नाही. सावकाश वाढेल. सावकाश म्हणजे किती, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

त्याचं विसरणं वहिनीला वर्षभर माहीत होतं. मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं, जवळजवळ ओरडलोच. ती म्हणाली, "ह्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, त्याला सांगू नकोस, तो घाबरतो."

१४ मार्च, शनिवार

दोन्ही खोडरबरं त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने बघितली नाहीत.

१८ मार्च, बुधवार

चार दिवस बसून सहाही डायल मी स्वतः नव्याने काढले. कंपास, कोनमापक, पट्टी. बारा आकडे बारा जागी. चूक भिंतीवर टांगायची नाही, एवढंच डोक्यात होतं. दादा मागून आला, क्षणभर बघितलं आणि बोट ठेवलं. "सात घसरलाय." मी मोजलं. केसाएवढा घसरला होता. स्वतः काढताना हात त्याचं ऐकत नाही, पण दुसऱ्याची चूक त्याला लांबूनही दिसते. हे ऐकून डॉक्टर फोनवर म्हणाले, "असं होतं."

कागद घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी सहाही चाळले आणि म्हणाल्या, "हे तर कुठेही मिळतं. ते आधीचं कुठे गेलं?" मी सांगायला तोंड उघडलं. दादा आजारी आहे. ते वादक, ती शांतता, सगळी माझी बडबड होती. पण बोललो नाही. बोललो असतो तर एक तर काम गेलं असतं, नाहीतर त्यांना ते आणखी आवडलं असतं आणि घड्याळांशेजारी दादाच्या आजाराची माहिती लागली असती. दोन्ही नको. मी म्हटलं, "आधीचंच करतो."

परत येऊन वहिनीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ सुया चालवत राहिली. मग म्हणाली, "रेघ ह्यांचीच आहे. लोकांना आवडली तर आवडू दे. कारखाना चालला तर ह्यांना रोज सकाळी जायला जागा राहील, तेही मला दिसतंय. पण भाऊजी, ह्यांच्या लक्षात आलं तर? आपली चूक चारचौघांत भिंतीवर लावलीये, एवढं कळण्याइतकी समज अजून आहे त्यांना. तसं झालं तर मी तुम्हाला माफ करणार नाही."

मी म्हटलं, उद्घाटनाला त्याला न्यायचंच नाही. ती म्हणाली, बाईंनी फोन करून ह्यांना स्वतः बोलावलंय आणि हे रोज कोटाला ब्रश मारताहेत.

२६ मार्च, गुरुवार

टोचतोय. तीस वर्षं मी त्याच्या कागदांवर टाचणी चालवली, पण नजर नेहमी पुढच्या भोकावर. ह्या वेळी हात कुठे थांबला, कुठे दाब पडला, सगळं दिसतं. ड्रमच्या कागदावर खोडून खोडून लव उठलीये. लाकडावर बसवण्याआधी तो उलटा केला, तर मागे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय: डावीकडे जागा आहे. त्याच्या खाली पुन्हा: डावीकडे जागा आहे. तिसऱ्यांदा लिहिताना डावीकडे हा शब्द अर्धाच राहिलाय.

म्हणजे तो बसून स्वतःला सांगत होता. आणि मी समोर तारीख तारीख करत होतो.

मला स्वतःची शिसारी आली. करवत ठेवून दिली आणि मागच्या मोरीत तोंड धुवायला गेलो.

२ एप्रिल, गुरुवार

दादा आता घासतो. मी कापलेलं लाकूड मी त्याच्यापुढे ठेवतो, तो पॉलिशपेपर घेऊन बसतो आणि मग तासभर त्याला काही लागत नाही. काम सुरेख करतो. आज ट्रम्पेटच्या तोंडावरून बोट फिरवून म्हणाला, "इथे अजून खरखर आहे," आणि होती. बरं वाटलं आम्हा दोघांना. वहिनीलाही वाटलं असावं, तिने विणलेलं उसवायचं थांबवलं.

घासायची सगळी लाकडं मी त्याला पाठीमागची बाजू वर करून दिलीत. आकड्यांची बाजू मी माझ्या घरी नेऊन रंगवतो. त्याने एकदाही विचारलं नाही की आकडे कुठे आहेत. न विचारण्यामागे विसरणं आहे की दुसरं काही, ते मी शोधायला जात नाही.

९ एप्रिल, गुरुवार

सभागृहात जाऊन सहाही लावून आलो. बाई खूश. मी बाईंना विनंती केली की घड्याळं कुणी केली हे भाषणात सांगू नका, दादाला संकोच होतो. त्या म्हणाल्या, भाषणात नाही सांगणार, पण भेटून दोन शब्द बोलल्याशिवाय सोडणार नाही. मी म्हटलं, तो गर्दीत फार थांबत नाही. मनात ठरवलंय, मागच्या दाराने आत न्यायचं, मागच्या रांगेत बसवायचं, गाणं ऐकवायचं आणि दालनात पाऊल न टाकता परत आणायचं. वहिनीला योजना सांगितली. तिने फक्त मान हलवली.

११ एप्रिल, शनिवार

योजनेवर पाणी फिरलं. मागचं दार बंद होतं.

दालनातूनच जावं लागलं. दुपारचे चार, मोठ्या काचांतून लख्ख ऊन, माणसं हातात पेले घेऊन उभी. दादाने कोट घातला होता, वहिनी त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मी भराभर चालत होतो आणि छताकडे बोट दाखवत होतो, बघ दादा, झुंबर बघ. त्याने झुंबर बघितलं. मग मान खाली आणताना भिंत बघितली.

तो व्हायोलिनपुढे थांबला. मी कोपर ओढलं, पण हलला नाही. मान तिरकी करून बघत राहिला, माझ्या साबणाच्या वडीकडे बघितलं होतं त्याच डोळ्यांनी.

"हे चुकलंय," तो म्हणाला. मोठ्याने. आजूबाजूची चारपाच माणसं वळली. "आकडे सगळे एकीकडे गेलेत. डावी बाजू रिकामी ठेवलीये. हे कुणी काढलं?"

शेवटचे तीन शब्द म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला. हात खिशाशी गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. वहिनी पांढरीफटक पडली. आणि गर्दीतून बाई दोन्ही हात पुढे करून हसत येत होत्या. त्या काय म्हणणार ते मला माहीत होतं. अहो, तुम्हीच की.

"मी," मी म्हणालो. "मी काढलं, दादा."

बाई जागच्या जागी थांबल्या. काहीतरी बोलायला त्यांचं तोंड उघडलं होतं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नाही अशी. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्या गप्प राहिल्या.

दादाने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे, परत माझ्याकडे. "तू?"

"हो. तू बरा नव्हतास, तेव्हा मीच काढलं. तुला विचारलं नाही."

त्याच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला कोटावरून दिसला. एक हात त्याने माझ्या मानेवर टाकला आणि तोंड जवळ आणून म्हणाला, "घाबरलो ना रे. मला वाटलं, माझंच."

मग त्या चारपाच माणसांकडे वळून हसत म्हणाला, "हा माझा धाकटा. करवतीला ह्याच्यासारखा हात नाही, पण आकडे काही जमत नाहीत. माझीच चूक, कधी शिकवलं नाही." माणसंही हसली. वहिनी तोंड फिरवून काचेतून बाहेर बघत होती.

मी त्याला तिथून न्यायला निघालो, पण आता तो ऐकेना. सहाही घड्याळांपुढे मला उभं केलं आणि एकेक चूक बोट ठेवून दाखवली. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. अ‍ॅकॉर्डियनवर बाराऐवजी चौदा आकडे होते, मी ते कधी मोजलेच नव्हते. त्याने ते मोठ्याने मोजले, बरोबर मोजले.

उद्यापासून मला शिकवायला बसणार आहे म्हणाला. नवीन कागद आणायला हवेत.